हात कोठे थांबवावा
सुरतेस आमचे भावोजी हिऱ्यांना पैलू पाडतात. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या मेंदूत अर्बुद निघाले, तेव्हा कुलदेवतेपुढे नारळ ठेवून आम्ही तिला खारघरास नेले. तेथे टाटा स्मारक केंद्राने २०२३ साली प्रोटॉन-उपचार सुरू केले. क्ष-किरण गाठ भेदून पलीकडेही जातात. धनभारित प्रोटॉन मात्र बहुतेक ऊर्जा मार्गाच्या अखेरीस ओततो आणि थांबतो. त्या आघाताने कर्कपेशीतील डीएनएचे धागे तुटतात. ते सांधले न गेल्यास पेशीची वाढ खुंटते. वाटेतील निरोगी पेशींना थोडी झळ लागतेच; पलीकडच्या बहुतांशी बचावतात.

भावोजी म्हणाले, “हात कोठे थांबवावा, हे शिकण्यातच आमची उमेदीची वर्षे गेली.”

पोरीचे उपचार चालू आहेत. देव्हाऱ्यातील समई आम्ही विझू दिलेली नाही.