रेवाडीची म्हातारी इंजिनं

दिल्लीची सहल म्हटली की लाल किल्ला, कुतुबमिनार, चांदणी चौकातली खरेदी आणि जमलंच तर आग्रा, असा आपला बेत ठरलेला असतो. पण मैत्रिणींनो, मुलांना घेऊन जाणार असाल तर एक दिवस रेवाडीसाठी राखून ठेवा. दिल्लीहून आगगाडीने साधारण ८० किलोमीटरवरचं हे हरियाणातलं गाव पितळी कामासाठी नावाजलेलं. स्टेशनालगतच १८९३ सालची वाफेच्या इंजिनांची शेड आहे.

इंजिन हा पुरुषमंडळींचा विषय, असं म्हणून नाक मुरडू नका हं! न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवतो ना? मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. इंजिनाचा बॉयलर म्हणजे असाच एक आडवा बंब. फक्त नळी एक नाही, पुष्कळ. कुकरमधलं पाणी आटलं की सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो, तसंच इंजिनाच्या भट्टीच्या माथ्यावर शिशाचं बूच असतं. पाणी फार खाली गेलं की ते वितळतं आणि धोका कळतो.

बंबासारखाच बॉयलरलाही आतून क्षार धरतो. म्हणूनच वर्षानुवर्षं पडून राहिलेलं इंजिन नुसतं रंगवून चालू होत नाही. गंजलेल्या नळ्या बदलायच्या, गार पाणी दाबाने भरून कुठे पाझरतंय का ते पाहायचं, आणि मगच विस्तव. तोही हळूहळू, काही तास घेऊन. घाई केली तर लोखंड सगळीकडे सारखं प्रसरण पावत नाही आणि जोड सुटतात.

ब्रॉडगेजवरची वाफेची शेवटची नेहमीची गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी धावली. त्याच सुमारास रेवाडीची शेडही ओस पडली. २००२ मध्ये तिला पुन्हा जाग आली आणि २०१० मध्ये तिथे संग्रहालय झालं. १९४७ साली अमेरिकेत बांधलेलं ‘आझाद’ आणि चित्तरंजनच्या कारखान्यातलं १९६५ सालचं ‘अकबर’ ही इथलीच. ‘भाग मिल्खा भाग’ चित्रपटात अकबर दिसलं, हे मुलांना जरूर सांगा.

यांची पणजी शोभावी अशी ‘फेअरी क्वीन’. १८५५ साली इंग्लंडमध्ये लीड्सला बांधली गेली, १९०९ मध्ये निवृत्त झाली, पुढे दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आली. चेन्नईतल्या पेरांबूर कारखान्यात दुरुस्त होऊन १९९७ मध्ये, म्हणजे ८८ वर्षांनी, ती पुन्हा रुळांवर धावली. जगातलं सर्वात जुनं चालतं इंजिन म्हणून १९९८ मध्ये गिनीज बुकात तिची नोंद झाली. पण २०११ मध्ये चोरांनी तिचे सुटे भाग काढून नेले! पुन्हा दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये ती दिल्ली-रेवाडी मार्गावर आली.

असे भाग बाजारात मिळत नाहीत, घडवून घ्यावे लागतात. ते एक वेळ जमतं. खरी अडचण आहे ती माणसांची. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखणारे फिटर, कोळसा कुठे आणि किती टाकायचा हे जाणणारे फायरमन निवृत्त होत गेले. पुरणाची कृती पुस्तकात छापलेली असते. पण उलथनं उभं राहिलं म्हणजे पुरण झालं, हे आपण आई नाहीतर सासूबाईंच्या शेजारी उभ्या राहूनच शिकलो ना? तसंच हे. इंजिन चालतं राहिलं तरच नव्या मुलांना जुन्या हातांशेजारी उभं राहता येतं. काचेआड नुसतं चकचकीत ठेवलं, तर लोखंड राहील, विद्या जाईल.

म्हणून जायचं तर इंजिन पेटवणार असतील त्या दिवशी जा. वाफेची गाडी रोज सुटत नाही. आधी रेल्वेकडे चौकशी करा. काजळी उडते, तेव्हा पांढरी साडी नको. आणि तेलकट हातांचा एखादा वयस्कर कारागीर दिसला, तर मुलांना त्याला खुशाल प्रश्न विचारू द्या.