काशाची वाटी

पुणे

चि. मुक्ता,


पार्सलमधली काशाची वाटी जेवणासाठी नाही, तळपायांसाठी आहे. रात्री उशिरापर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही असं तू फोनवर म्हणालीस, तेव्हाच ती बांधून ठेवली. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. निजण्याआधी तळपायाला साजूक तूप लावायचं आणि वाटीचं बूड टाचेपासून बोटांपर्यंत हलक्या हाताने फिरवायचं. तुझ्या आजीला हे तिच्या सासूने शिकवलं. परीक्षेच्या दिवसांत ती आम्हा भावंडांचे पाय एकामागून एक मांडीवर घ्यायची.

थोड्या वेळाने तळपाय काळपट होतात. अंगातली उष्णता बाहेर पडली, असं घरोघरी सांगतात. तो रंग खरं तर तूप आणि घाम यांची धातूशी क्रिया होऊन येतो. पण उष्णता आणि झोप यांचं नातं मात्र खरं आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा धागा तुझ्याच बाझेलमध्ये सापडला. कुर्ट क्रॉयखी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं, की हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावून ते ऊबदार झाले की झोप लवकर लागते. झोप येण्यासाठी शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि ती उष्णता हातापायांच्या त्वचेतून बाहेर जाते. पाय गार पडले की ही वाट अडते. चोळल्याने पाय ऊबदार होतात, म्हणून आजीच्या रीतीवर माझा विश्वास आहे. चरकसंहितेतही झोप न येणाऱ्याला अभ्यंग आणि दूध सांगितलं आहे. म्हशीचं दूध तर खास त्यासाठीच.

पण मुक्ता, संध्याकाळी पाचची कॉफी चालू ठेवून वाटीकडून फार अपेक्षा करू नकोस. दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन साठतं आणि त्याने पेंग येते. कॅफिन त्याचीच जागा अडवून बसतं, आणि पाच-सहा तासांनीही त्यातलं जवळजवळ निम्मं अंगात उरतं. म्हणजे रात्री अकराला तू अर्धा कप पिऊनच आडवी होतेस. दुपारच्या जेवणानंतर कॉफी नको. रात्री नऊला पिझ्झा खाण्यापेक्षा सातला मुगाची खिचडी खा. भरल्या पोटी आडवं झालं की जळजळ होते, हे तुला ठाऊक आहेच.

सकाळचं मात्र मी हट्टाने सांगते. तिकडे डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो आणि तू ट्राममधून थेट ऑफिसात शिरतेस. डोळ्यांत सकाळचा उजेड गेला नाही, तर शरीराचं घड्याळ मागे पडत जातं. आभाळ ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. म्हणून उजाडल्यावर अर्धा तास ऱ्हाइनच्या काठाने चाल. सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ तीच ठेव.

एवढं करूनही महिनाभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखव. अंगावर काढू नकोस. आणि तूप लावल्यावर पाय नीट पुसूनच ऊठ, तुझ्या घरातली लाकडी जमीन निसरडी आहे.

तुझी,
आत्या