खोलगटापाशी

पावसाळा संपला तेव्हा मरहूम अब्बांच्या कबरीची माती खचलेली दिसली. शेंदूरजनाघाटच्या आमच्या कब्रस्तानात जमीन सातपुड्याच्या पायथ्याची. पाणी उतरलं की माती बसते. सोबत आठवीतला मुलगा होता. म्हणाला, "अब्बू, निशाणीच राहिली नाही तर दादा नेमके कुठे आहेत, हे कसं ओळखायचं?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. संत्र्याच्या बागांमधून घरी येताना त्याला एका इटालियन शब्दाची गोष्ट सांगितली.

रोमबाहेर आपिया रस्त्यालगत एक सखल जागा होती. तिला 'काताकुंबास' म्हणत. ग्रीक 'काता' म्हणजे जवळ आणि 'कुंबे' म्हणजे वाटी किंवा खोलगट भाग, असा या नावाचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. ऐकताना आपला 'कुंभ' आठवतो. म्हणजे नाव कबरींचं नव्हतंच, जागेचं होतं: खोलगटापाशी. तिथल्या मऊ खडकात भुयारं खोदून, त्यांच्या भिंतींतल्या कोनाड्यांत लोकांनी आपले मृत ठेवले. मध्ययुगात इतर भुयारं विस्मरणात गेली, तरी तिथे यात्रेकरू येत राहिले. हळूहळू त्या एका जागेचं नाव अशा सगळ्याच भुयारांना लागलं. 1578 मध्ये सालारिया रस्त्यावर दुसरं भुयार उघडं पडलं, तर त्यालाही लोक 'काताकोम्बा'च म्हणू लागले.

"आपल्याकडेही कोनाडा असतो ना?" मुलाने विचारलं.

असतो. कबरीच्या बाजूला कोरलेल्या कोनाड्याला अरबीत 'लहद' म्हणतात, उर्दूत तशी कबर 'बगली'. पण भुसभुशीत मातीत बगल टिकत नाही, म्हणून तिथे मधोमध सरळ खड्डा घेतात, ती 'संदुकी'.

आपला शब्दही जोडूनच झालेला आहे. 'कब्र' अरबी, 'स्तान' फारसी. हे 'स्तान' म्हणजे मराठी 'स्थान'चाच भाऊबंद. सूरह यासीनमध्ये कबरीसाठी 'मरकद' शब्द येतो, म्हणजे झोपण्याची जागा. इंग्रजी 'सिमेटरी'च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही तोच.

मग मुलाला म्हटलं, "बेटा, फाटकाशी आपण सलाम कुणाला करतो?"

"अहले कुबूरला."

"म्हणजे इथल्या सगळ्या कबरवाल्यांना. त्यात एकेकाचं नाव घ्यावं लागत नाही. दादाही त्यातच आले."

पुढच्या जुम्म्याला आम्ही दोघांनी चार घमेली माती टाकली. परतताना फाटकाशी त्याने मोठ्याने सलाम केला.