प्रिय २ए१, तुझ्यावरचा रंग मी खरवडणार नाही

प्रिय ईशापूर २ए१,

तुझी नोंद झाली. अमेरिकेत संग्राहकाला परवान्यासोबत एक बांधीव वही ठेवावी लागते. कारखाना, मॉडेल, क्रमांक, कॅलिबर, कोणाकडून आली, कोणत्या तारखेला आली, असे तिचे रकाने. ते सगळे भरून झाल्यावर लक्षात आलं की तुझ्याबद्दल सांगण्यासारखं त्यात काहीच आलेलं नाही. म्हणून हे पत्र. आणि ते अनावृत अशासाठी, की तुझ्या कित्येक बहिणी आज इथल्या कपाटांत उभ्या आहेत आणि त्यांचे नवे मालक हातात पॉलिश पेपर घेऊन बसले आहेत.

तुझ्या मानेवर, बोल्टच्या दांडीखाली, छाप आहे: मॉडेल, 'आर.एफ.आय.' आणि १९६७. रायफल फॅक्टरी, ईशापूर. कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या काठी. तुझ्या थोरल्या बहिणींच्या मानेवर ह्याच जागी इंग्लंडच्या राजाचा मुकुट असे. त्या थ्री-नॉट-थ्री, जेम्स पॅरिस लीच्या बोल्टवर आणि एन्फील्डच्या बॅरलवर उभं राहिलेलं घराणं. १९०७ साली मार्क थ्री आली. दुसऱ्या महायुद्धात खुद्द इंग्लंडनं ती मागे टाकून नंबर फोर घडवायला घेतली, तरी ईशापूरनं मार्क थ्री सोडली नाही. जुन्या यंत्रांवर, जुन्याच मापांवर काम चालू राहिलं. म्हणून साठीच्या दशकात जन्मूनही तुझं नाक अजून पहिल्या महायुद्धातल्या रायफलीसारखं चपटं आहे.

तुला जन्माला घातलं ते १९६२ च्या चीन युद्धातल्या मारानं. रेझांग ला काय, नामका चू काय, आपल्या जवानांच्या हातात थ्री-नॉट-थ्री होती. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढायचा, ढकलायचा, मग पुढची गोळी. समोरून स्वयंचलित शस्त्रांचा मारा. त्यानंतर लष्कराला एसएलआर, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल, हवी होती आणि ती ईशापुरातच तयार होऊ लागली, पण एवढ्या मोठ्या सैन्याला पुरेशा एसएलआर एका रात्रीत कुठून येणार? तोवर काय, ह्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तू. बोल्ट जुनाच, पण काडतूस एसएलआरचं, ७.६२ नाटो. म्हणजे निदान दारूगोळा तरी एकच पुरवावा लागेल.

इथले जाणकार म्हणवणारे लोक तुला 'भोक मोठं केलेली थ्री-नॉट-थ्री' म्हणतात तेव्हा मला राग येतो. पहिली गोष्ट, थ्री-नॉट-थ्रीची गोळी ७.६२ पेक्षा किंचित जाडच असते. भोक मोठं करून तू तयार होणारच नाहीस. दुसरी, तू जुन्या मालातून बदलून काढलेली नाहीस. नव्या काडतुसाचा दाब जास्त, म्हणून तुझ्यासाठी पोलादही अधिक चांगलं वापरलं. मॅगझिन चौकोनी, बारा गोळ्यांचं. आणि बॅकसाईट! तुझ्या आधीच्या २ए वर दोन हजारांपर्यंतचे आकडे होते, थ्री-नॉट-थ्रीकडून जसेच्या तसे आलेले. दोन हजारांवरचा माणूस दिसतो कोणाला? तुझ्यावर ते आठशे मीटरवर आणले. २ए आणि २ए१ मधला ठळक फरक हाच. नवं नाव द्यायला एवढं कारण पुरलं, ह्याचं मला फार कौतुक आहे. सरकारी कागदावरचा फुगवलेला आकडा कोणी आपणहून कमी केल्याची उदाहरणं आपल्याकडे किती?

तू आलीस तेव्हा ग्रीसनं माखलेली होतीस. लाकूड धातूपासून सुटं करून काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि भर उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवलं. संध्याकाळपर्यंत पिवळट तपकिरी ग्रीस घामासारखं बाहेर आलं. पुसायचं, पुन्हा ठेवायचं. पुसता पुसता बटवर एक आकडा उमटला: ४७. पांढऱ्या ऑइलपेंटनं, ब्रशनं, घाईघाईत. साताची शेपटी ओघळलेली. कुठल्या तरी कोतातल्या, म्हणजे शस्त्रागारातल्या, रॅकमधली तुझी जागा. कोणत्या गावात, कोणत्या पलटणीत की पोलीस लाइनीत, ते आता कळणार नाही. जरा खाली, मॅगझिनच्या पुढे, लाकडातून आरपार गेलेला स्क्रू. लाकूड तडकू नये म्हणून ईशापूरनं घातलेला. इथले लोक त्याला 'ईशापूर स्क्रू' म्हणतात आणि हसतात. तो नसता तर लाकडाला भेगा पडल्या असत्या आणि मग ते आणखी जोरात हसले असते.

हे दोन्ही काढून टाकण्याचा सल्ला मला मिळाला. रंग खरवड, स्क्रूचं भोक भर, लाकूड घासून चकाचक कर, नवं ब्लूइंग करून घे. मी जवसाच्या तेलाचा हात फिरवला आणि तिथंच थांबलो. लाकूड तहानलेलं होतं, तेवढं प्यायलं. बाकी सगळं आहे तसं.

हा नुसता हट्ट नाही. तुझ्या जातीवर इथं काय काय झालं ते मी पाहिलंय. काही व्यापाऱ्यांनी तुमची बॅरलं आखूड केली, पुढे शंकूच्या आकाराचं फ्लॅश हायडर बसवलं आणि 'जंगल कार्बाईन' म्हणून विकलं. खरी जंगल कार्बाईन नंबर फोरच्या वंशातली, थ्री-नॉट-थ्रीची गोळी झाडणारी. तुझा तिच्याशी संबंध नाही. पण जंगल म्हटलं की खोकं खपतं. इथला कायदासुद्धा ह्या बाबतीत संग्राहकाच्या बाजूनं आहे. पन्नास वर्षं पूर्ण झालेलं शस्त्र 'जुनं आणि दुर्मिळ' ह्या वर्गात बसतं, तू २०१७ मध्ये बसलीस, पण केवळ वयावर ह्या वर्गाची सवलत हवी तर शस्त्र मूळ स्वरूपात असावं लागतं. नटवलीस की ती गेली. सरकारनं एवढं शहाणपण दाखवलंय, तर आपण का दाखवू नये?

आता जरा घरचं बोलतो. मी भुसावळकडचा. आमच्या शेजारी वरणगाव, तिथं ऑर्डनन्स फॅक्टरी. कॉलनीतल्या काकांच्या सायकली सकाळी भोंग्याबरोबर गेटकडे निघायच्या. आत काय बनतं ते विचारायचं नाही, असा दंडक. आणि आत काय बनतं ते सगळ्या गावाला माहीत. ७.६२ ची काडतुसं. तुझ्याच पोटातली. थ्री-नॉट-थ्रीची खडकीहून यायची. त्यांच्या बुडावर 'केएफ' कोरलेलं असे. खडकीचा तो माल इथल्या जुन्या नेमबाजांनाही ठाऊक आहे, आणि चांगल्या कारणानं नाही. घोडा दाबल्यावर गोळी क्षणभर विचार करून सुटते, अशी त्याची ख्याती. मी त्यावर वाद घालत नाही. वरणगावच्या जुन्या मालाबद्दलही बोलतात, तिथं मात्र मी विषय बदलतो.

गंमत अशी की तिकडे राहून मी तुला कधीही घरी आणू शकलो नसतो. ७.६२ नाटो काय, थ्री-नॉट-थ्री काय, आपल्याकडे सामान्य नागरिकाला दोन्ही निषिद्ध बोअर. परवाना निघालाच तर तो .३१५ चा, तुझ्याच बोल्टच्या चुलत बहिणीचा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं. हे नियम मला चुकीचे वाटत नाहीत. इथं बंदुकांनी काय होतं ते रोज बातम्यांत बघतो, आणि तरीही संग्रह करतो, ही विसंगती मला मान्य आहे. माझ्याकडून एवढंच: बोल्ट वेगळ्या कुलपात, तू वेगळ्या तिजोरीत, काडतुसं तिसरीकडे. घरी पाहुण्यांना मी तुला दाखवत नाही. दाखवली की हमखास कोणी तरी खांद्याला लावून दुसऱ्यावर नेम धरतं.

खंडेनवमीला बायकोनं विचारलं, हिला पाटावर ठेवायची का? मी नको म्हटलं. पूजा आपल्या कामाच्या हत्याराची करावी. तिनं शिलाई मशीन ठेवलं, मी लॅपटॉप. शिवाय मला तुझी आरती ओवाळायची नाही. २६/११ च्या रात्री मुंबईत सीएसटीवर पोलिसांच्या हातात काठ्या होत्या आणि तुझ्या थोरल्या बहिणी होत्या. समोर एके रायफली. १९६२ नंतर शेहेचाळीस वर्षांनी पुन्हा तेच. उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री-नॉट-थ्रीला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात, मानवंदनेसह. मला तो सोहळा पाहून अवघडल्यासारखं झालं. निरोप उशिरा दिला तर त्यात सत्कार कसला? तू वाईट होतीस असं नाही. तुला ज्या कामासाठी घडवलं ते होतं वेळ मारून नेण्याचं, आणि ती वेळ आपण संपूच दिली नाही.

म्हणून तो ४७ राहणार. रॅकमध्ये आधीच्या आणि पुढच्या आकड्यांच्या मधे उभी असलेली एक तात्पुरती रायफल, एवढीच तुझी खरी ओळख आहे, आणि ती मला चकचकीत लाकडापेक्षा मोलाची वाटते.

एक कामाचं. दुकानात मिळणारी .३०८ आणि तुझी ७.६२ नाटो दिसायला जुळ्या, पण दाबावरून लोक अजून भांडतात. मी भांडणात पडत नाही. तुला लष्करी ७.६२ किंवा हलक्या भाराची काडतुसंच मिळतील, तीही आधी हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि काडतूस ह्यांच्यातली मोकळी जागा, तपासून घेतल्यावर. बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे. तुझी आखूड भारतीय संगीनही शोधतो आहे. म्यानासकट हवी, गंजलेली चालेल, घासलेली नको.

तुझा,
वहीतला सध्याचा मालक