आळस कीं आजार?

मनुष्य वृद्धत्वाकडे झुकला कीं त्याच्या मंदपणास आपण सहज ‘आळस’ हें नांव देऊन मोकळे होतों. हा अन्याय आमच्याही हातून घडला आहे, आणि तो प्रत्यक्ष आमच्या वडील बंधूंवर, हें सांगतांना संकोच वाटतो.

दादा निवृत्त शिक्षक. त्यांचें अक्षर मोत्याच्या दाण्यासारखें. पुढें पुढें तें पत्रागणिक बारीक होत गेलें. चहाचा पेला समोर निवून जाई, तरी हात पुढें होत नसे. “दादा, जरा मनावर घ्या,” असें आम्ही करड्या स्वरांत म्हणत असूं. “मनावर घेतों रे, पण अंग ऐकत नाहीं,” एवढेंच त्यांचें उत्तर. आम्हांस ती सबब वाटे.

डॉक्टरांनीं कंपवाताचें निदान केल्यावर आम्ही त्या विषयाचें वाचन आरंभिलें. त्यांत स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेला उंदरांवरील प्रयोग आढळला. मध्यमेंदूंतील कांहीं मज्जापेशी डोपामीन नांवाचें द्रव्य निर्माण करितात. त्याच्या योगानें हालचालीचा आरंभ सुकर होतो. या उंदरांच्या केवळ त्याच पेशींतील एक जनुक निकामी केलें होतें. त्यावांचून पेशींस शक्ति पुरविणाऱ्या मायटोकाँड्रियांचा कारभार बिघडतो. उंदीर जन्मले ते धडधाकट, आणि प्रथम इतरांप्रमाणेंच हिंडले. सुमारें १४ आठवड्यांनंतर मात्र त्यांची हालचाल मंदावूं लागली. आंत पेशी हळूहळू मरत होत्या. मेंदूंत ज्याचें डोपामीन बनतें तें एल-डोपा हें औषध दिल्यावर त्यांची हालचाल पुन्हां वाढली. पण वय वाढलें तसा त्याचा गुण पूर्वीसारखा राहिला नाहीं.

हें वाचून आमचें मन चरकलें. उंदरास सबबी सांगतां येत नाहींत, म्हणून त्यास कोणी आळशी म्हणत नाहीं. मुक्या प्राण्याच्या बाबतींत जें आम्हीं निमूटपणें मान्य केलें, तें सख्ख्या भावानें स्वमुखानें सांगितलें असतां कां पटूं नये?

दादा आतां तेंच औषध घेतात. त्याचा गुण असतो तेवढ्या वेळांत चार ओळी लिहितात. चहाचा पेला आम्ही त्यांच्या हातीं देतों आणि बोटें मिटेपर्यंत थांबतों. वाचकांच्या घरींही एखादा पेला असाच निवत असेल, तर बोल लावण्यापूर्वीं डॉक्टरांस बोलवावें. आम्हीं उलट केलें. ते शब्द दादा विसरले असतील, आम्हांस विसरवत नाहींत.