रुपयाचं टोकन

वाचकहो, तुमच्यापैकी जी मंडळी १९९०च्या आगेमागे शिकायला पुण्यात राहिली, त्यांना व्हिडिओ गेम पार्लर समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. पेठेतल्या गल्लीत एखादा अंधारा गाळा, दाराला मळका पडदा, आणि आत भिंतीला लावून उभ्या केलेल्या माणसाएवढ्या लाकडी पेट्या. पेटीत टीव्हीसारखा पडदा, हाताशी एक दांडा आणि चार-सहा बटणं. गल्ल्यावर रुपया द्यायचा, टोकन घ्यायचं, ते फटीत टाकलं की खेळ सुरू. मोजके जीव मिळत. ते गेले की खेळ खलास; पुन्हा रुपया.

या पेट्यांची गोडी लावली अमेरिकेतल्या अटारी कंपनीच्या ‘पाँग’ने, १९७२ साली. वेड लावलं ते १९७८च्या जपानी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ने. तो रचणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांच्या यंत्राची ताकद बेताची होती. पडद्यावर शत्रूची फौज दाट असली की ती सावकाश चाले. एकेक शत्रू पडला की यंत्रावरचं ओझं हलकं होई आणि उरलेले भरभर पळत. निशिकादोंनी ती खोड तशीच राहू दिली आणि तीच खेळाची गंमत ठरली. भरल्या गाडीचे बैल आणि रिकाम्या गाडीचे बैल यांतला फरक तुम्हांआम्हांला ठाऊक आहेच!

आमच्या वेळी पुण्यात राज्य होतं ‘मुस्तफा’चं. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ साली काढलेल्या या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. ते कोणाच्या जिभेवर बसणार? त्यातल्या चार गड्यांपैकी पिवळ्या टोपीचा मुस्तफा पोरांचा लाडका, म्हणून खेळालाच त्याचं नाव पडलं. एकाहून जास्त जणांना एकदम खेळता येई. शेजारी उभा राहणारा कोण, कुठला, हे कोणी विचारत नसे. कॉलेजचा विद्यार्थी आणि हॉटेलात कपबशा विसळणारा पोरगा खांद्याला खांदा लावून लढत, आणि ज्यांच्या खिशात रुपया नसे ते मागे उभे राहून फुकटचे सल्ले देत. मुली मात्र तिथे क्वचितच दिसत. तो पडदा ओलांडायला त्यांना कोण धजावू देणार?

माझे मामा एकदा कांदा घेऊन गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आले होते. आडत्याकडून पट्टी घेतली आणि मला भेटायला आले, तर मी त्यांना पार्लर दाखवायला नेलं. ते बराच वेळ खेळ सोडून टोकनांकडेच बघत राहिले. मग म्हणाले, “हमाली नाही, तोलाई नाही, आडत नाही. ह्याचं पीक बारमाही दिसतंय!” मी त्यांच्या हातात टोकन ठेवलं. अर्ध्या मिनिटात त्यांचा पहिला गडी आडवा. तेवढ्यात बाजूचा एक अनोळखी पोरगा म्हणाला, “काका, दांडा असा धरा,” आणि त्याने त्यांच्या हातावर हात ठेवून पुढची लढाई लढवली. जाताना मामांनी त्या पोराला एक रुपया दिला. त्या दिवशी कांद्याचा भाव पडलेला होता, हे मला पट्टी पाहिल्यावर कळलं.

घरच्या टीव्हीला जोडायचे स्वस्त गेम आले, पाठोपाठ सायबर कॅफे आले, आणि पार्लरं एकामागून एक मिटली. गाळ्यांत झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जची दुकानं बसली. आता मॉलमध्ये पेट्या आहेत, पण तिथे टोकनऐवजी कार्ड टेकवतात. किती गेले ते हाताला कळत नाही.

पार्लरवाल्याला त्या काळी घरोघरी शिव्या बसत, आणि त्या अगदीच वावग्या नव्हत्या. पण खिशातले चार रुपये संपले की पोरगं आपोआप बाहेर पडे. मोबाइलवरच्या पैशाच्या खेळाला तशी कड नव्हती. बँक खातंच जोडलेलं, मग पीककर्जाचे पैसे काय आणि बहिणीच्या लग्नाचे काय! ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. घरातल्या जाणत्यांनी तेवढ्यावर विसंबून राहू नये, मधूनमधून पासबुक भरून आणावं.

परवा गावी गेलो होतो. रात्री वीज गेलेली. पारावर पाच पोरं, चौघांचे मोबाइल बंद पडलेले. पाचव्याचा तेवढा चालू होता, आणि चौघं त्याच्या खांद्यावरून वाकून ओरडत होती, “अरे उडी मार, उडी मार!”