हापशापर्यंतचा नकाशा

माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगी आहे. वजाबाकी म्हटली की मान खाली. खरं सांगते, मनातल्या मनात मी तिला 'कच्ची' ठरवून टाकलं होतं.

परवा मुलांना शाळेच्या फाटकापासून हापशापर्यंतचा नकाशा काढायला सांगितला. आधी चालत जायचं, पावलं मोजायची, दहा झाली की एक चिंचोका खिशात. तिचे ८ चिंचोके आणि वर ४ पावलं. शेजारच्या उंच मुलाचे ६ आणि वर २. झालं, भांडण! "बाई, याने खोटं मोजलं!"

मी काही बोलणार तोच तिने आपल्या चिंचोक्यांतले सहा बाजूला सारले. मग दोन बोटं मिटली. "माझी बावीस जास्त आहेत. त्याच्या ढांगा मोठ्या ना!"

तुम्हीच सांगा, मी आजवर फळ्यावर काय शिकवत होते?

नकाशात तिचा हापसा शाळेपेक्षा मोठा होता. रोज सकाळी पाणी तीच भरते. मी तो खोडायला लावला नाही. उद्या दोघांनाही एकच काठी देऊन तोच रस्ता पुन्हा मोजायला लावणार आहे.

पालकांनो, घरी उंबऱ्यापासून चुलीपर्यंत करून बघा. फक्त पावलं मुलांनाच मोजू द्या, मध्ये बोलू नका. मला ते अजून जमत नाही.